कणकेचा मेंढा

जाळं इथं टाक, पोरा. कुठं फाटलंय ते सांगू नकोस,
बोटांना कळतं.
पुन्हा त्याच जागी अडकलं ना?
आमचं हेलिके जिथं होतं तिथं,
पाण्याखाली तो अजून उभा आहे म्हणतात,
काशाचा पोसायडन,
तळहातावर माशाच्या शेपटीचा घोडा घेऊन.
घोड्याचे कान तीक्ष्ण आहेत.
ते मला तुझ्या जाळ्यानं सांगितलं.

त्याच्या पाच दिवस आधी
मी केरिनियाची चढण चढत होते,
बहिणीचे दिवस भरले होते.
माझ्या पुढं उंदीर, मागं उंदीर,
साप, गोमी, भुंगेरे,
कुणी कुणाला खात नव्हतं,
बाजार उठल्यावर माणसं निघतात तसे
गप्प, रस्त्याच्या एका कडेनं.
मी वस्त्राचा घोळ तेवढा वर धरला.
उंदरांच्या सांगण्यावरून गाव कोण सोडतं?

तेलेसोन खाली होता. खालच्या आळीत,
अंजिरामागचं घर.

रात्री रांजण आपोआप बोलायला लागले.
पहाटे आम्ही कड्यावर गेलो
आणि खाली बघितलं तर
देवराईचे शेंडे फक्त,
पाण्यावर, पेरलेल्या कोथिंबिरीएवढे.
बहिणीचं बाळ माझ्या कडेवर झोपलेलं.

मग कारणं आली.
बुडालेल्यांपेक्षा कारणं जास्त.
पुजारी म्हणाला, आयोनियाचे लोक
वेदीचा नमुना मागायला आले होते,
आपल्या माणसांनी त्यांना हाकललं,
म्हणून.
असेल. हाकलणारे दहा-बारा जण होते,
त्यांतला एक माझा चुलत दीर, तोंडाचा फटकळच.
पण फिलिन्नाच्या जुळ्यांनी कुणाला हाकललं?
पुजारी म्हणाला, देव माणसं मोजत नाही, गाव मोजतो.

एक अथेन्सचा मास्तर होडीची वाट बघत बसला होता,
तो म्हणाला, बाई, देव नाही, वारा.
जमिनीच्या पोकळीत कोंडतो,
वाट सापडेना की धक्के देतो.
म्हटलं, तान्ह्याच्या पोटात धरतो तसा?
तसाच, म्हणाला, खूश झाला.
मी त्याला अंजीर दिलं.
पण तान्ह्याच्या पोटाला तेल चोळता येतं.
वाऱ्यापाशी जाऊन
चुकलं म्हणता येत नाही.

तुला सांगते, कुणाला सांगितलं नाही ते.
आदल्या वर्षी तेलेसोन वादळात सापडला होता
तेव्हा मी नवस बोलले होते:
धरणीला धरणाऱ्या, धरणीला हलवणाऱ्या,
(दोन्ही तूच, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं)
माणूस परत दे, काळा मेंढा देईन.
माणूस परत आला. सर्दी घेऊन.
मेंढ्याची किंमत ऐकली
आणि मी कणकेचा केला.
शिंगं छान वळली होती,
डोळ्यांना दोन मनुका,
काळा दिसावा म्हणून चुलीची राख, तेलात कालवून.
गरिबाचं चालतं, असं सगळेच म्हणतात.
वेदीवर भाजताना पावाचा वास आला
आणि मला हसू आलं.
ते हसू.

एका हसण्यासाठी एवढं गाव? आणि किनाऱ्याला उभ्या
स्पार्टाच्या दहा गलबतांतली माणसं, माझं नावही न ऐकलेली?
रात्री स्वतःशी म्हणते, फिलिन्नाची जुळी
तुझ्या मनुकांवर कशी जातील, वेडे.
आणि तरी मनुका सोडवत नाहीत.
माझ्यामुळं झालं असेल
तर निदान मी तिथं होते,
त्या रात्रीत माझा काही हात होता.
नाहीतर मी फक्त वर होते, डोंगरावर,
बाळंतिणीला पेज पाजत.

असो. दोरा दे.
हा बघ, इथं हिरवा डाग लागलाय,
काशाचा.
धुवून जात नाही तो, मी धुवून पाहिलंय.
गाठ मारते त्याच्या अलीकडं.
चार जाळी महिन्याला फाडतो तो माझ्यासाठी,
माझं पोट त्याच्यावर चालतं.
पैसे उद्या दे.
आणि वल्हवताना तिथं शिव्या देऊ नकोस रे,
तेलेसोन झोपेतून दचकून उठायचा.